प्रबंधाचा प्रतिपक्ष

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या संशोधन फेलोशिपच्या जागांवर मर्यादा घालण्याचा विषय निघाला. तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, ही मुले पीएच.डी. करून असे काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा प्रश्न विधान परिषदेत केला. विद्यार्थी संतापले आणि तो संताप रास्त होता. ज्या राज्यात मंत्र्यांच्या दौऱ्यांना आणि जाहिरातींना पैसा कमी पडत नाही, तिथे काटकसरीची सुरुवात संशोधक विद्यार्थ्यापासून व्हावी हे हास्यास्पदच आहे. पण त्या प्रश्नाला जी उत्तरे दिली गेली ती नीट पाहावीत. एक उत्तर असे की प्राध्यापकीसाठी पीएच.डी. लागते. दुसरे असे की फेलोशिप हा आमचा हक्क आहे. दोन्ही खरी आहेत, तरी दोन्ही प्रश्नाला बगल देतात. रसायनशास्त्राच्या प्रबंधातून एखादे संयुग हाती लागते, शेतकीच्या प्रबंधातून एखादे वाण. समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या प्रबंधातून समाजाच्या हाती नेमके काय लागते? माझे उत्तर असे आहे की त्यातून एक पुराव्यानिशी केलेला मतभेद हाती लागतो. समाजाविषयी जे सर्वांना ठाऊक आहे असे धरले जाते, त्यातले काहीतरी चूक किंवा अपुरे आहे, हे कुणाशी तरी भांडून दाखवणे हे या विषयांतल्या प्रबंधाचे काम. महाराष्ट्रात असे प्रबंध एकेकाळी लिहिले गेले. आज मात्र आपण प्रबंधाची जी व्यवस्था उभी केली आहे, ती नेमका हा मतभेदच खुडून टाकते.

सुरुवात अमेरिकेत झालेल्या एका मराठी वादापासून करता येईल. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९०९ मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी जातीची दोन लक्षणे सांगितली: जातीत जन्मलेल्यालाच सदस्यत्व मिळते आणि जातीबाहेर विवाहाला बंदी असते. सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचविशीतल्या विद्यार्थ्याने जातीच्या उगमावर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ली या त्या काळच्या मातब्बरांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि मग ते केतकरांकडे वळले. केतकरांविषयी त्यांनी आदराने लिहिले, इतरांपेक्षा हा अभ्यासक विषयाच्या अधिक जवळ पोचला असे मान्य केले, आणि तिथेच त्यांची चूक दाखवली. ही दोन लक्षणे वेगळी नाहीतच. बाहेर लग्न करू दिले नाही की बाहेरचा माणूस जन्माने आत येण्याचा मार्ग आपोआप बंद होतो. एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहिले एवढेच. या दुरुस्तीतून आंबेडकरांचा स्वतःचा सिद्धान्त उभा राहतो. अंतर्विवाह हेच जातीचे मर्म असेल, तर गटातली स्त्री-पुरुषांची संख्या समतोल ठेवावी लागते, आणि जोडीदार मेल्यावर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे हा प्रश्न जातीला सोडवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उलगडा इथून होतो. जात आणि स्त्रीचे दास्य हे दोन विषय नसून एकच आहे, हे भारतीय समाजशास्त्राला पुढे अनेक दशकांनी नव्याने शोधावे लागले. तो निबंध म्हणजे पदवीचा प्रबंधसुद्धा नव्हता. पण पूर्वसूरींशी इतक्या थेट आणि इतक्या सभ्यपणे भांडल्याशिवाय तो सिद्धान्त सुचलाच नसता.

भांडण पूर्वसूरींशी असते तेव्हा ते सोपे असते, कारण ते सही करायला समोर बसलेले नसतात. खरी कसोटी मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यावर लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली तीन उदाहरणे यासाठी पाहण्यासारखी आहेत. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. मानवी कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि या असममितीचा वंशाशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास होता. त्यांना अपेक्षित असलेला निष्कर्ष युरोपीय श्रेष्ठतेकडे नेणारा होता. कर्व्यांनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहून दिले. हेच फिशर पुढे १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे लक्षात घेतले की त्या कोरड्या मोजमापांचे वजन कळते. (कर्वे पुढेही शरीरमापनाचा नाद सोडू शकल्या नाहीत आणि महाराष्ट्रातल्या जातींवर त्यांनी ते केले, ही त्यांच्यावरची टीका रास्त आहे, पण ती वेगळी गोष्ट.) दुसरे उदाहरण लंडनचे. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध एडविन कॅनन यांच्याकडे केला. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने आला तेव्हा कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तीत लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत असे सरळ नोंदवून प्रबंधाच्या ताजेपणाची वाखाणणी केली. तिसरे मुंबईचे. मालवणात जन्मलेले, केंब्रिजहून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांचा पिंड संस्कृत ग्रंथांचा आणि भारतविद्येचा. त्यांच्या हाताखाली अक्षयकुमार देसाई यांनी भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी हा उघड मार्क्सवादी प्रबंध लिहिला, आणि १९४८ मध्ये तो पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच घुर्यांचे दुसरे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष गावाकडे पाहायला हवे म्हणत गुरूच्या पद्धतीलाच बगल दिली. घुर्ये स्वभावाने मवाळ मुळीच नव्हते. पण मतभेद झाला म्हणून प्रबंध अडवायचा नसतो, एवढी रीत त्यांनी पाळली.

आता आजच्या सर्वसाधारण प्रबंधाकडे यावे. शीर्षकात विषय, मग तालुका किंवा जिल्हा, मग अपूर्णविराम, मग ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’. दुसऱ्या प्रकरणात संबंधित साहित्याचा आढावा, म्हणजे अमुक यांनी अमुक साली असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे, अशी वीसेक पानांची यादी. ज्यांची नावे आली त्यांपैकी दोघांचे एकमेकांशी पटत नाही, हेसुद्धा या आढाव्यातून वाचकाला कळत नाही. लेखकाचे कुणाशी पटत नाही हा तर प्रश्नच उद्भवत नाही. मग प्रश्नावली आणि शेकड्याने उत्तरदाते. उत्तरदात्यांचे लिंगनिहाय वर्गीकरण, वयोगटनिहाय वर्गीकरण, शिक्षणनिहाय वर्गीकरण. प्रत्येकाचा तक्ता, तक्त्याखाली वर्तुळालेख, आणि वर्तुळालेखाखाली तेच आकडे अक्षरांत. शेवटी गृहीतके, आणि गृहीतके एकजात सिद्ध होतात. शिक्षणाने स्त्रियांचा आत्मविश्वास वाढतो, बचतगटांमुळे सक्षमीकरण होते, राजकीय जागृतीचे प्रमाण शिक्षितांत अधिक आहे. चुकण्याची शक्यताच नसलेले विधान गृहीतक म्हणून घेतले की ते सिद्ध होणारच. मग शासनाने जनजागृती करावी, योजनांची प्रभावी अंमलबजावणी करावी, अशा शिफारशी. अशा प्रबंधात खोटे काहीच नसते, हीच त्याची अडचण. त्याला विरोध करता येत नाही, कारण त्याने कुणाला विरोध केलेला नसतो. सन्माननीय अपवाद सर्व विद्यापीठांत आहेत. ते अपवाद आहेत हे त्या अपवादांना चांगले ठाऊक असते.

हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर टाकणे सोयीचे आहे, पण चूक आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पीएच.डी.चे नियम कसे बदलत गेले ते पाहिले तर आजचा प्रबंध हा त्या नियमांना दिलेला अगदी शहाणा प्रतिसाद आहे असे दिसते. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ठराविक पद्धतीने मिळवलेल्या पीएच.डी.ला नेट-सेट या पात्रता परीक्षांमधून सूट दिली. २०१० पासून प्राध्यापकांची पदोन्नती गुणांकाला जोडली गेली, आणि किती प्रबंधांना मार्गदर्शन केले याचेही गुण ठरले. २०१८च्या नियमांनी विद्यापीठ विभागांतल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याची तारीख ठरवली. ती तारीख पुढे ढकलली गेली. आणि २०२३ मध्ये सक्तीच मागे घेऊन नेट किंवा सेट पुरेशी ठरली. ज्या तरुणाने मधल्या वर्षांत नोंदणी केली, त्याच्या आयुष्याशी हा खेळ होता. देशातली पीएच.डी.ची नोंदणी २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होती, ती २०२१-२२ मध्ये २.१२ लाखांवर गेली, हे केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे आहेत. सात वर्षांत देशाची ज्ञानाची तहान इतकी वाढली असे कुणी म्हणणार नाही. पात्रता म्हणून मिळवायच्या वस्तूचा एकच गुण महत्त्वाचा असतो, ती वेळेत आणि निर्विघ्न मिळणे. मतभेद म्हणजे विघ्न. विद्यापीठाच्या संशोधन समितीत (आरआरसी) विषय नाकारला जाऊ शकतो, मार्गदर्शक नाराज होऊ शकतो, बाहेरचा परीक्षक दुरुस्त्या सुचवू शकतो, आणि दरम्यान तासिका तत्त्वावरची नोकरी दर वर्षी नव्याने मागावी लागते. अशा माणसाने ‘बचतगटांमुळे सक्षमीकरण होते’ हे गृहीतक निवडले तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कायम पगारावर असलेल्यांना तरी नाही.

गुणवत्ता राखण्यासाठी जे उपाय झाले त्यांनीही हाच कल वाढवला. प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात निबंध छापलेला असावा अशी अट घातली गेली. त्यासरशी पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी नियतकालिके उगवली. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, यावरून त्या बाजाराचा आकार कळतो. नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी ती अट रद्द केली, हे बरे झाले. वाङ्मयचौर्याच्या २०१८च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षेतून वगळले आणि प्रबंधासोबत संगणकाचा अहवाल जोडणे रूढ झाले. पण यंत्र शब्दांची जुळणी मोजते. इंग्रजीतून मराठीत उतरवलेला अख्खा परिच्छेद त्याला सहज चुकवू शकतो. उलट ज्याच्याशी भांडायचे त्याचे म्हणणे सविस्तर आणि प्रामाणिकपणे उद्धृत करणारा विद्यार्थी धास्तावतो, कारण उद्धरणे वगळायची की नाहीत हे अहवाल काढणाऱ्याच्या हातात असते. चोरी पकडण्याच्या साधनाकडून विचार ओळखण्याची अपेक्षा करणे हीच गल्लत.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. प्रत्येक संशोधकाने आंबेडकर व्हावे ही अपेक्षा अवास्तव आहे; सामाजिक शास्त्रांना शांतपणे माहिती गोळा करणाऱ्यांचीही गरज असते, आणि मतभेदाचा आग्रह धरला तर प्रबंधांचे अग्रलेख होतील. यातला पहिला भाग मला मान्य आहे. माझी तक्रार तक्त्यांविषयी नाही. १९९०च्या दशकात ‘लोकनीती’ या संशोधन गटाच्या मतदार सर्वेक्षणांनी केवळ मोजणी केली होती. पण त्या मोजणीतून योगेंद्र यादव यांनी दाखवले की भारतात गरीब, दलित आणि ग्रामीण माणूस सुखवस्तू शहरी माणसापेक्षा मतदानात मागे नाही, बऱ्याचदा पुढेच आहे. सुशिक्षित आणि सधन लोक अधिक मतदान करतात, या पाश्चात्त्य देशांवरून घेतलेल्या समजुतीला त्या तक्त्यांनी तडा दिला. इरावतीबाईंच्या कवट्यांचे मोजमापही तसेच. माहिती गोळा करणे आणि मतभेद करणे या दोन वेगळ्या वृत्ती नाहीत; माहिती कोणत्या समजुतीला तपासण्यासाठी गोळा केली हे ठरलेले असले की झाले. अग्रलेखाची भीती मात्र उलटी आहे. अग्रलेखात मत आधी असते आणि पुरावा हवा तेवढाच असतो. प्रबंधात प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावे लागते, आणि आपले खंडन कोणत्या पुराव्याने होऊ शकेल हेही सांगावे लागते. आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष याच कडक शिस्तीने मांडला जाई. ती शिस्त अंगी यायला तीन ते सहा वर्षे लागतात म्हणूनच तर त्यासाठी स्वतंत्र पदवी आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. मतभेदाची, मूलगामी प्रश्नांची भाषा ही घरात पुस्तकांचे कपाट असलेल्यांची चैन आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदव्युत्तर शिक्षण घेते आहे, त्याला आधी पदवी आणि पगार हवा. ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’ या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर जगणाऱ्यांना उपदेश करणे सोपे आहे, असेही कुणी म्हणेल. फेलोशिप पुरेशी, वेळेवर आणि कुठल्याही वैचारिक अटीविना मिळाली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याला महिनाअखेर भाडे भरायचे आहे त्याला धाडस परवडत नाही, हेच तर वर म्हटले. पण मोठे प्रश्न त्याच्यासाठी नाहीत, हे मला मान्य नाही, आणि इथे गोपाळ गुरू यांचा आधार घ्यावा लागतो. पुणे विद्यापीठात आणि नंतर जेएनयूत राज्यशास्त्र शिकवलेल्या गुरूंनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतीय सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की या शास्त्रांत सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र अशी उतरंड तयार झाली आहे. दलित अभ्यासकाने आपल्या वस्तीची माहिती आणायची, तिचा अर्थ दुसऱ्याने लावायचा. गुरूंनी दोष केवळ वरच्यांना दिला नाही. माहिती गोळा करण्यातच समाधान मानणाऱ्या दलित अभ्यासकांनाही प्रश्न विचारला. त्या निबंधावर पुष्कळ वाद झाला आणि काही आक्षेप बिनतोड होते, पण आजच्या प्रबंधांची विभागणी पाहिली की त्यांचे निदान खरे वाटते. आदिवासी आश्रमशाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला आश्रमशाळांवरच प्रश्नावली भरायला लावायची, आणि राज्यसंस्था म्हणजे काय हा प्रश्न त्याच्यासाठी मोठा ठरवायचा, ही दयेच्या वेषातली उतरंडच आहे. वास्तविक पाठ्यपुस्तकातल्या कुटुंबाशी, गावाशी, नागरिकाशी ज्याचे आयुष्य जुळत नाही, त्याच्याकडे मतभेदाचे भांडवल सर्वांत जास्त असते.

असा मतभेद प्रबंधात प्रत्यक्ष मांडला गेल्यावर काय होते याचा एक दाखला घ्यावा. ब्राह्मणेतर चळवळ ही राष्ट्रीय चळवळीच्या वाटेतली धोंड आणि इंग्रजांच्या हातचे बाहुले, हा समज दीर्घकाळ प्रतिष्ठित होता. गेल ऑम्वेट यांनी १९७३ मध्ये बर्कलीला सादर केलेल्या प्रबंधात त्याच्याशी वाद घातला आणि सत्यशोधक समाजापासूनच्या त्या चळवळीला सांस्कृतिक बंड म्हणून वाचले. त्याआधी १९६९ मध्ये एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनियात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला होता. दोघींचा वाद महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांच्या वर्तुळात पोचला, त्यावर चर्चा झाली, खंडनही झाले. दोघी अमेरिकन होत्या, हे वाचून कुणी म्हणेल की परदेशी विद्यापीठाचा आधार नसता तर हे झाले नसते. त्यात थोडे तथ्य आहे. झेलियट किंवा ऑम्वेट यांना पदोन्नतीसाठी इथल्या कुणाची मर्जी सांभाळायची नव्हती. मात्र त्यांनी ज्या कागदपत्रांवर, पत्रकांवर आणि मुलाखतींवर काम केले, ती सारी साधने मराठी होती आणि इथेच होती.

यातूनच भाषेचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत प्रबंध मराठीत लिहिता येतो आणि लिहिला जावा. केतकर कॉर्नेलहून परतल्यावर मराठी ज्ञानकोशाच्या खटाटोपात पडले, य. दि. फडके यांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचा राजकीय इतिहास खंडामागून खंड मराठीत लिहिला. मराठीत हे शास्त्र पेलत नाही ही सबब म्हणून टिकत नाही. शर्मिला रेगे आणि पुणे विद्यापीठाचे स्त्री अभ्यास केंद्र यांनी वर्गात मराठीतून सिद्धान्त शिकवण्यासाठी साहित्य तयार केले, तेही याच खात्रीने. पण मराठी प्रबंधाला मराठी वाचणाराच बाह्य परीक्षक लागतो. हे वर्तुळ लहान, त्यातली माणसे एकमेकांची परिचित; आज मी तुमच्या विद्यार्थ्याचा परीक्षक, उद्या तुम्ही माझ्या. अशा वर्तुळात मराठी प्रबंधाला भिडस्तपणाचे संरक्षण मिळते, आणि इंग्रजी प्रबंधाला ज्या माणसांविषयी तो लिहिला आहे त्यांनी न वाचण्याचे. दोन्हीकडे प्रतिपक्ष गैरहजर. मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी म्हणून केवळ माध्यमाची मागणी करून थांबू नये. मराठीत वाचणारे आणि पटले नाही तर तसे म्हणणारे लोकही लागतील.

ते कुठून येतील, यावर विद्यापीठांकडे पाहून फारसे काही हाती लागणार नाही. प्रबंधाची मौखिक परीक्षा नियमाने खुली असते. सूचना फलकावर लागते, चहाबिस्किटे येतात, घरचे लोक पेढे घेऊन बसतात आणि प्रश्न विचारायला बाहेरचा कुणी उभा राहिला तर सगळ्यांना अवघडल्यासारखे होते. पण २००९ पासून प्रबंधांच्या प्रती ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात ठेवण्याची व्यवस्था झाली आहे, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतले पुष्कळ प्रबंध तिथे कुणालाही घरबसल्या उघडता येतात. आपल्या दिवाळी अंकांत कादंबऱ्यांची, आत्मचरित्रांची, कवितासंग्रहांचीसुद्धा परीक्षणे असतात. प्रबंधाचे परीक्षण जवळपास नसते, जणू तो विद्यापीठाचा खासगी कागद आहे. जनतेच्या पैशातून लिहिलेल्या कागदाविषयी ही सभ्यता अनाकलनीय आहे. पुढच्या वर्षी एखाद्या संपादकाने समाजशास्त्र-राज्यशास्त्राचे पाच ताजे प्रबंध निवडावेत, त्यातल्या प्रत्येकावर त्या विषयात वेगळे मत असलेल्या अभ्यासकाकडून आठ पाने लिहून घ्यावीत, आणि प्रबंधकाराला उत्तरासाठी चार पाने द्यावीत. मानधनाचा प्रश्न निघेलच. सोन्याच्या पेढीच्या रंगीत जाहिरातीचे एक जादा पान त्याला पुरावे.